पाणंद

मँचेस्टर,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. पोटऱ्या ठणकताहेत, पण तुला लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळच्या गाडीने आम्ही अकरा जण ईडेलला उतरलो. पीक डिस्ट्रिक्टमधलं डोंगरांच्या कुशीतलं खेडं. थोडं चाललो आणि वाट सरळ एका शेतकऱ्याच्या कुरणात शिरली. मी थबकलोच. फाटकाच्या खांबावर नुसता पिवळा बाण. ही वहिवाट, नकाशावर कायद्याने चढलेली. शेत नांगरलं तरी मालकाला वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. चालणाऱ्याने फाटक होतं तसं लावायचं. आमच्यातला शेवटचा गडी दर वेळी कडी घालून एकदा ओढून बघायचा.

पुढे हॉलिन्स क्रॉसची खिंड. ईडेलला चर्च नव्हतं तेव्हा लोक शवपेटी खांद्यावर घेऊन ही खिंड चढायचे, पलीकडच्या होप गावी न्यायचे. ऐकलं आणि आबा आठवले. पाणंद शेजाऱ्याने नांगरून टाकलेली, म्हणून त्यांची तिरडी ओढ्यातून न्यावी लागली. तू पुढे मडकं धरून, आम्ही मागे गुडघाभर पाण्यात. दगडावरून माझा पाय सरकला, तेव्हा तिरडी कलली होती. तो कलंडता भार अजून खांद्याला जाणवतो रे.

मॅम टॉरच्या माथ्यावर (५१७ मीटर) वारा भन्नाट होता. समोर किंडर स्काउटचं पठार. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण, बरेचसे कामगार, जमीनदारांच्या त्या शिकारीच्या माळावर मुद्दाम घुसले. पाच जण तुरुंगात गेले. आज तिथे कुणीही फिरावं.

संध्याकाळी ईडेलच्या ओल्ड नॅग्ज हेड पबमध्ये टेकलो. ४३० किलोमीटरची पेनाइन वे ही पायवाट इथूनच सुटते. चिखलाचे बूट, टेबलाखाली कुत्री, वेफर्सची पाकिटं फाडून मधोमध पसरलेली, ज्याने त्याने उचलावं. बिअरचा पहिला घोट घशाखाली गेला आणि मी पाणंदीची सगळी हकीकत सांगून टाकली. टेबल गप्प झालं. मग एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "मग आता तुझा मित्र कुठून जातो?"

मला सांगता येईना.

अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा अधिकार आपल्याकडेही तहसीलदाराला आहे, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने. तुझ्या अर्जाचं काय झालं? पुढची तारीख कळव. डिसेंबरात येतोय. शाळेला त्याच पाणंदीने जायचो आपण. साक्षीला मी उभा राहीन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू