गॅलिलिओच्या खटल्यापलीकडचे चर्च

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत धर्म आणि विज्ञान या विषयावरचा लेख वाचला. कॅथलिक चर्चने युरोपात विज्ञानाची फक्त गळचेपी केली, हा त्याचा सूर मला मान्य नाही. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपले मत मागे घ्यायला लावले, मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले. हा अन्यायच होता आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण त्याच काळात हेच चर्च आकाशाच्या मोजमापावर सढळ हाताने खर्च करत होते, ही बाजू आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

कारण होते ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. तो येतो वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्यानंतरच्या) पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे सूर्य आणि चंद्र दोघांचेही गणित पक्के हवे. जुन्या ज्युलियन पंचांगात वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी मोठे धरले होते. साठत साठत सोळाव्या शतकात संपात दहा दिवस आधी येऊ लागला. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर तेच.

संपात अचूक टिपण्यासाठी चर्चच्या इमारतीच वेधशाळा झाल्या. इटलीतल्या बोलोन्याचे सान पेत्रोनिओ हे चर्च पाहा. तिथे १६५५ साली कॅसिनी या खगोलशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाने सुमारे २७ मीटर उंचीवर छताला बारीक भोक ठेवले आणि खाली फरशीत खांबांना चुकवत जवळजवळ ६७ मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा आखली. माध्यान्ही सूर्याचा गोल कवडसा या रेषेवर येतो. उन्हाळ्यात भोकाच्या बाजूला, हिवाळ्यात पार दुसऱ्या टोकाला. कॅसिनीने वर्षभर त्या कवडशाचा व्यास मोजला. सूर्याची गती वर्षभर कमीजास्त दिसते ती केवळ अंतरामुळे, असे जुने गणित सांगे. तसे असते तर कवडसा जितका लहानमोठा व्हायला हवा होता, त्याच्या निम्माच फरक पडला. म्हणजे गती खरोखरच बदलते. खगोलशास्त्रज्ञ केप्लर नेमके हेच म्हणत होता! पृथ्वी फिरते की सूर्य, याचा निकाल या मोजमापाने लागत नव्हता. पण केप्लरच्या गणिताला भक्कम पुरावा मिळाला, तोही पोपच्याच राज्यातल्या चर्चमध्ये, गॅलिलिओच्या खटल्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी.

पुढे आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता आणि विश्व प्रसरण पावते हे १९२७ साली मांडणारे लमेत्र धर्मगुरू. हे सगळे अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही.

लेखकाने चर्चच्या चुका जरूर दाखवाव्यात. आपण गॅलिलिओची गोष्टही पुन्हा पुन्हा छापावी, शाळकरी मुलांना ती कळलीच पाहिजे. मात्र विज्ञानदिनाच्या अंकात यंदा तिच्या शेजारी सान पेत्रोनिओच्या त्या रेषेवर एक सचित्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सांगली