१८० रुपयांचे आश्रयदाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या बारमधल्या बँडवरचा लेख वाचला. बारमालक शेठजींचा उल्लेख लेखिकेने ‘इंदुरातल्या पाश्चात्त्य संगीताचे आश्रयदाते’ असा केला आहे आणि आपण तो चौकट टाकून ठळक छापला आहे. लेखिका त्या काळी जन्मली नसावी, तेव्हा तिला दोष देत नाही. पण आपल्या कचेरीत एखादे तरी पिकलेले डोके असेल की नाही?

मी त्या बँडमध्ये १९७२ ते १९७८ बास गिटार वाजवत असे. लेखासोबतच्या छायाचित्रात डाव्या कडेला एक मनगट आणि गिटारची अर्धी दांडी दिसते, तो मी. बाकीचा मी आपल्या सोफासेटच्या जाहिरातीखाली आहे.

आश्रय म्हणजे काय हे होळकरांच्या गावाला कुणी शिकवायला नको. शेठजींचा आश्रय असा होता: रात्रीचे १५ रुपये, एक प्लेट जेवण (मटण, गिऱ्हाइकांकडून उरले तर), आणि बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यांवर फळ्या टाकून केलेले स्टेज. लेखात ‘झगमगते झुंबर’ आहे. झुंबर नव्हते हो. ट्यूबलाइट होती आणि तिला लाल जिलेटिन कागद गुंडाळला होता. अँप्लिफायरसुद्धा आमचाच. छावनीतल्या एका रेडिओ मेकॅनिकने जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या पोटातले सामान काढून तो जुळवून दिला होता. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत लोकांकडे बघत उभे राहायचे. बासची तार तुटली की मुंबईला कोण निघाले आहे याची चौकशी सुरू, आणि धोबी तलावावरून तार येईपर्यंत उरलेल्या तीन तारांवर भागवायचे. गिऱ्हाइकांना फरक कळत नसे, हे मात्र कबूल करतो.

शनिवारी महूहून फौजेतले तरुण अधिकारी येत, त्यांना इंग्रजी हवे असे. आमचा गायक महूचाच, ख्रिस्ती मुलगा. रेडिओ सिलोनवर ऐकून गाणी उतरवून घ्यायचा आणि जो शब्द कळला नसेल तिथे इंग्रजीसारखे काहीतरी ठोकून द्यायचा. क्लॉथ मार्केटचे व्यापारी आले की किशोरकुमार. १९७६ साली आणीबाणीत आकाशवाणीने किशोरकुमारची गाणी बंद केली तेव्हा तर फर्माइशीच्या चिठ्ठ्या दुपटीने येऊ लागल्या. एक सरकारी साहेब आधी वेटरला दार लोटून घ्यायला सांगत, मग डोळे मिटून ऐकत. असले काही लेखात नाही. त्यासाठी वाजवणाऱ्यांपैकी कुणाला तरी विचारावे लागले असते, आणि आमच्यातले दोघे अजून इंदुरातच आहेत. (इंदुरात. लेखात ‘इंदौर’ अकरा वेळा आले आहे, मी पेन्सिलीने खुणा केल्या. मराठी दैनिकाला ‘इंदूर’ लिहायला शाई जास्त लागते का?)

१९७४ च्या फेब्रुवारीत आपल्या इंदूरचे गायक उस्ताद अमीर खाँ कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. आमचा ड्रमर घरी तबला शिकलेला, दुसऱ्या दिवशी त्याच्याने काठ्या हातात घेववेनात. आम्ही पाचही जण शेठजींकडे गेलो आणि एका रात्रीची सुटी मागितली, बिनपगारी. शेठजी गल्ला मोजत म्हणाले, “अपने यहाँ थोड़ी गाते थे.” साडेआठला वाजवायला उभे राहिलो.

पण तेही सोडा. माझे म्हणणे १८० रुपयांचे आहे.

१९७८ साली शेठजींनी बँड बंद केला तेव्हा माझ्या बारा रात्री द्यायच्या राहिल्या होत्या. मागायला गेलो तर म्हणाले, दिल्लीत मोरारजीभाई बसले आहेत, दारू बंद होणार, धंदाच राहणार नाही तर पैसे कुठून देऊ? (त्यानंतर मोरारजीभाई गेले आणि बारला वरचा मजला चढला.) दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. चौथ्या खेपेला त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “पिताजी को भेज दो भिया, उन्हीं के हाथ में दे दूँगा.”

आता हे कळायला आमचे घर ठाऊक हवे. रामबागेतला वाडा, वडील शाळामास्तर, संध्याकाळी शुभंकरोती. मी सहा वर्षे घरी ‘ट्यूशन’ सांगून बाहेर पडत होतो. गिटार महूच्या दोस्ताकडे ठेवलेली असायची आणि कपड्यांना सिगारेटचा वास येतो म्हणून शर्ट ड्रमरच्या घरी बदलायचा. कोणत्या इयत्तेची ट्यूशन रात्री साडेअकराला सुटते, असे आईने एकदाच विचारले होते. शेठजींना हे सगळे माहीत होते. आमच्याच गायकाने हसत हसत सांगितले होते. चहा संपवला आणि उठून आलो. पाचव्यांदा गेलो नाही.

किशोरकुमारने ख्रिश्चन कॉलेजच्या कँटीनचे पाच रुपये बारा आणे थकवले, हे इंदुरात शेंबडे पोरही सांगते. त्या रकमेचे पुढे १९५८ च्या सिनेमात गाणे झाले आणि गावाला त्याचा अभिमान आहे. गाणाऱ्याने बुडवलेला पैसा एवढा पाठ, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बुडवलेला? पाच जणांचे मिळून साधारण ९०० रुपये होतात. कोणत्या सिनेमात घालायचे?

लेखाच्या शेवटी लिहिले आहे की शेठजींचे चिरंजीव वडिलांच्या स्मरणार्थ तरुण वादकांना दरवर्षी पुरस्कार देणार आहेत. उत्तम. त्यांचा पत्ता आपल्याकडे असेलच, तर एवढा निरोप पोचवावा: मला शाल-श्रीफळ नको, व्याजही सोडले. १८० रुपये रोख चालतील, फक्त माझ्याच हातात द्यावे लागतील. वडील जाऊन तीस वर्षे झाली, त्यांना पाठवता येणार नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर