तो हिरवा तुमचा, काका

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या बडोद्याच्या चित्रांचा जो संच तुम्ही स्क्रीनवर छापलात, त्यातल्या वडाच्या चित्रातल्या ज्या हिरव्यापुढे लोक थांबून राहिले, तो हिरवा आमच्यापैकी कोणीच रंगवलेला नाही. स्क्रीन म्हणजे फ्रेमवर ताणलेली जाळी, आणि प्रत्येक रंगाची जाळी त्या रंगाच्या पारदर्शक फिल्मवरून तयार होते. त्या चित्राच्या तीनच फिल्म तुमच्याकडे आल्या होत्या: पिवळी, निळी आणि तपकिरी. हिरव्यासाठी चौथी करायचं आमचं ठरलेलं होतं. ती करू नका, असं तुम्ही सांगितलंत. पिवळा आधी छापलात, तो पूर्ण वाळू दिलात, मग एक भाग निळ्यात चार भाग पारदर्शक बेस, म्हणजे बिनरंगाची शाई, मिसळून तो त्यावर ओढलात. निळा पिवळ्यावर चढला तिथे पानं हिरवी झाली, तपकिरी चढला तिथे पारंब्यांना गेरूची झाक आली. तीन पारदर्शक रंग एकेकटे तीन, दोन-दोन मिळून आणखी तीन, तिन्ही मिळून एक, अशा सात छटा देतात आणि कागदाचा पांढरा आठवा. हे गणित पुस्तकात सापडतं. निळ्यात बेस किती घालायचा, ते मात्र सापडत नाही. बेस कमी पडला की निळा पिवळ्याला झाकून टाकतो, जास्त झाला की हिरवा आजारी दिसतो.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत, त्याचं कारण हेच. पेढ्यांचा पुडा घेऊन कारखान्यात आलो असतो तर आभार चार भिंतींत राहिले असते, आणि चित्राखाली सही मात्र एकट्या चित्रकाराची.

आपल्या बडोद्यात ही गोष्ट खरं तर जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. ही चित्रं छापून घरोघर पोचवावीत, असं रविवर्म्याला सुचवणारे टी. माधवराव हेही बडोद्याचेच माजी दिवाण. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. मूळ तैलचित्र बघून, कोणत्या दगडावर किती दाणा पाडायचा म्हणजे लक्ष्मीच्या गालावर नेमका गुलाबी उमटेल, हे ठरवणारा कारागीर वेगळा असे. घराघरांतल्या तसबिरींवर रविवर्मा हे नाव वाचता येतं. त्या कारागिराचं नाव तिथे नाही. तुम्ही आमच्यासाठी केलंत ते त्याचंच काम.

चित्रकार चित्राकडे आकार म्हणून बघतो, छापणारा थर म्हणून. दोघांचं जमत नाही ते पहिल्यांदा कडांवर. दोन रंगांच्या फिल्म अगदी कडेला कड लावून काढल्या की स्क्रीनवर त्यांच्यात पांढरी रेघ उघडी पडणारच, कारण कागद, फ्रेम आणि हात यांतलं काहीतरी केसभर सरकतंच. म्हणून फिका रंग गडद रंगाच्या खाली ०.३ ते ०.५ मिलिमीटर सरकवून ठेवायचा. वर काळी बाह्यरेषा येणार असेल तर रंगाची कड त्या रेषेच्या बरोबर मध्यावर संपवायची. रेषा एक मिलिमीटर जाड असली की दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरची सूट मिळते. रंग पारदर्शक असले तर हेच चढण तिसऱ्याच रंगाची पट्टी होऊन दिसतं, आणि ती पट्टी लपवायची की चित्रातच वापरायची हे फिल्म काढण्याआधी ठरवावं लागतं. या संचात ती वापरा, असं तुम्ही म्हणालात. सुरसागर तळ्याच्या चित्रातली पाण्याची किनार त्यातून आली.

आमच्या मंडळींचे हात एकसारखे नाहीत, आणि तुमच्या कामातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग हा, की तुम्ही त्यांना एकसारखं केलं नाहीत.

आमच्यातली एक कोरड्या ब्रशचे फराटे मारते. न्यायमंदिराच्या कमानींवरचं ऊन तिने अशा तुटक फराट्यांत पकडलं आहे, आणि त्या रेषेचा हेवा आम्ही सगळेच करतो. असा फराटा स्कॅन करून निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बदलला की त्याचे केस झडतात. म्हणून तो थेट फिल्मवर, छपाईच्याच मापात काढायचा. फिल्मला बोटांचं तेल लागलेलं असेल तर शाई थेंब-थेंब होऊन गोळा होते. आधी स्पिरिटने पुसावी. शाई पातळ असेल तर डोळ्याला काळी दिसली तरी ट्यूबलाइटसमोर धरल्यावर तपकिरी दिसते. अशा जागी एक्स्पोजरच्या वेळी, म्हणजे फिल्ममधून जाळीवर उजेड टाकताना, उजेड आरपार जातो, जाळीवरचा इमल्शनचा थर उजेडाने कडक होतो आणि धुताना तिथली जाळी उघडतच नाही. तुमच्या टेबलावरची ट्यूब आम्हाला आता कोणत्याही फिल्मचा पहिला परीक्षक वाटते.

दुसरा पेन्सिलवाला आहे. मांडवीच्या चित्रातली धूळ त्याची. दाणेदार फिल्मवर मऊ पेन्सिल किंवा तेलकट क्रेयॉन फिरवला की दाण्यांच्या माथ्यावर काळा बसतो, खळग्यात बसत नाही. त्यातूनच करड्याचा भास होतो. शाईला करडा कळत नाही, तिला आहे आणि नाही एवढंच कळतं. हे बारीक ठिपके टिकवायला तुम्ही सेंटीमीटरला १२० धाग्यांची पिवळी जाळी घेतलीत, कारण पांढऱ्या जाळीच्या धाग्यांत उजेड फाकतो आणि बारीक ठिपके कडेने खाल्ले जातात. इमल्शनचे हात दोन्ही बाजूंनी एकेकच दिलेत. थर पातळ, म्हणून एक्स्पोजर कमी. एक्स्पोजर जास्त झालं असतं तर अर्धी धूळ बुजली असती, कमी झालं असतं तर इमल्शन कच्चं राहून धुताना गळालं असतं. पुठ्ठा सरकवत एकाच पट्टीवर पायरी-पायरीने वेळ वाढवून तुम्ही आधी चाचणी घेतलीत. पातळ थराला टाचणीएवढी भोकं पडतात, हे त्याचं दुखणं. ती प्रत्येक स्क्रीन उजेडावर धरून बारीक ब्रशने बुजवावी लागतात. हे कंटाळवाणं काम तुमच्या हाताखालच्या मुलाने केलं. त्याचेही आभार, वेगळे आणि ठसठशीत.

तिसरी अक्षरवाली. तिचा ‘ळ’ बघून आमच्यातल्या दोघांनी आपापली अक्षरं बदलली, यापुढे काय सांगावं. बडोद्याच्या ज्योती भट्टांच्या छापचित्रांत अक्षर हे चित्राचाच अवयव होऊन येतं. ते बघत वाढलेल्या गावात अक्षर काढणं तसं जोखमीचं. संचाच्या वेष्टणावर गडद निळ्यात तिची पांढरी अक्षरं सोडायची होती. उलट्या, म्हणजे कागदाच्या पांढऱ्यात सोडलेल्या अक्षरांत शाई चारी बाजूंनी आत सरकते. ‘ष’च्या पोटातली रेघ तुटते, ‘भ’ची गाठ बुजते, रफार शिरोरेघेपासून तुटतो, अनुस्वार नाहीसा होतो. छापलेली रेषा ०.३ मिलिमीटरला तग धरते, सोडलेली अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. तुम्ही तिला बारीक रेषा थोड्या जाड करायला आणि अनुस्वार जरा मोठा ठेवायला सांगितलंत. अक्षराचं वळण मात्र तसूभरही बदलू दिलं नाहीत.

देवनागरीचा हा डोळा कुठून आला ते उघड आहे. लग्नपत्रिका! एका बाजूला गुजराती कंकोत्री, दुसऱ्या बाजूला आपली पत्रिका, आणि आपल्या पत्रिकेत चुलत-मावस आप्तांची सगळी नावं इवल्या टायपात बसवण्याचा हट्ट. ज्याने मरून रंगाच्या कार्डावर सोनेरी शाईत ती नावं वाचनीय छापली, त्याला कलाकाराच्या अक्षरांची काय भीती?

तांबेकर वाड्याच्या चित्राची सोनेरी चौकटही त्याच विद्येतून आली. सोनेरी पूड म्हणजे धातूचे चपटे कण. बारीक जाळीत ते अडकतात आणि चार-सहा प्रतींनंतर चौकट ठिकठिकाणी उडायला लागते. त्यासाठी सेंटीमीटरला ७७ धाग्यांची जाळी घ्यायची, पूड वार्निशमध्ये लागेल तेवढीच कालवायची, कारण कालवून ठेवलेली काळवंडते, आणि हा रंग सर्वांत शेवटी छापायचा. वाड्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांची लय पकडणाऱ्या आमच्या सोबत्याने सोनेरी आधी आणि लाल नंतर, असा क्रम लिहून दिला होता. तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवलात आणि उलटं छापलंत. चित्र बघून तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पुढची फिल्म घेऊन आला.

आता कागद. अहमदाबादच्या कलमखुशचा हातकागद हवा हा हट्ट आमचा होता, आणि हातकागद स्क्रीनला सोपा नाही. त्याची कड झालरीसारखी, त्यामुळे टेबलावरच्या थांब्यांना तो दर वेळी वेगळा टेकतो. थांबे तीन: लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. कागदाचा तोच कोपरा प्रत्येक रंगाला तिथेच बसला पाहिजे. झालर राखायची आणि नेमही, म्हणजे रंगावर रंग जुळणंही, चुकवायचा नाही, यासाठी तुम्ही पारदर्शक शीट टेबलाला एका कडेने चिकटवून त्यावर आधी छाप घेत होता, खाली कागद सरकवून रंग जुळवत होता, मग शीट बाजूला उलटून कागदावर खेच, म्हणजे रंगाचा एक ओढा. वेळ दुप्पट लागतो, पण झालर वाचते.

पावसाळ्यात सुती कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो. मोठा कागद मिलिमीटरभर सहज वाढतो, आणि मग पहिला रंग एका मापाचा, तिसरा दुसऱ्या. त्यावर उपाय म्हणजे कागद छापायच्याच खोलीत दिवसभर मोकळा ठेवायचा आणि सगळे रंग लागोपाठ उरकायचे. लाकडी फ्रेमही दमट हवेत सैलावते. एका संचाचे सगळे स्क्रीन ॲल्युमिनियमचे आणि सारख्या ताणाचे हवेत, नाहीतर प्रत्येक स्क्रीन आपापल्या परीने चित्र ताणतो. उन्हाळ्यात तक्रार उलटी. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात पाण्यावर आधारलेला रंग जाळीतच वाळतो, म्हणून पंखा बंद, रंगात वाळणं लांबवणारा थोडा रिटार्डर आणि प्रत्येक खेचेनंतर लगेच स्क्रीनवर रंगाचा हलका थर परत पसरून ठेवायचा. मे महिन्यात पंखा बंद करून छापणाऱ्या माणसाला आभार म्हणणं जरा कोरडंच वाटतं, पण दुसरा शब्द नाही.

स्क्रीन आणि कागद यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर. कमी ठेवलं तर जाळी कागदाला चिकटून राहते आणि कड पसरते. जास्त ठेवलं तर जाळी ताणली जाऊन नेम चुकतो. स्क्वीजीचं, म्हणजे रंग ओढायच्या पट्टीचं, रबर सत्तर शोअर कडकपणाचं, कड धारदार, हात साधारण ७५ अंशांत. रबराची धार गेली की रंग जास्त उतरतो आणि पेन्सिलवाल्याची धूळ चिखल होते. हे सगळं यंत्रावरही जमवता येतं. पण पंचाहत्तर प्रतींच्या संचात पहिली आणि शेवटची प्रत शेजारी ठेवून फरक दाखवता येऊ नये, हा तुमचा हातच. त्यासाठी प्रत्येक चित्राला नव्वद कागद घ्यायला लावलेत, तेव्हा खर्चाकडे बघून आमच्यात कुजबुज झाली होती. दर रंगाला तीन-चार कागद जातात, चार रंगांत पंधरा कसे संपतात ते आता सगळ्यांना पाठ आहे.

डिजिटल प्रिंटला आम्ही नाक मुरडत नाही. आमची रोजची पोटापाण्याची कामं त्यावरच चालतात. तिथला हिरवा म्हणजे शेजारी-शेजारी पडलेले निळे-पिवळे ठिपके, भिंगातून दिसतात. तुमच्या हिरव्याला भिंग लावलं तर ठिपका नाही, एकावर एक दोन अखंड पापुद्रे आहेत. तिरप्या उजेडात त्यांची जाडीसुद्धा दिसते. चित्र विकत घेणाऱ्यांनी ते जरूर तिरपं धरून बघावं, आणि काचेला चिकटवून मढवू नये, मध्ये माउंट घालून अंतर ठेवावं.

छापचित्रांच्या जगात छापणाऱ्याचा शिक्का सहीजवळ कोरा उठवायची रीत आहे: शाई नाही, नुसता दाब. तुमचा शिक्का करायचं आम्ही ठरवलं आहे. ‘आपल्याला काय करायचंय त्याचं’ म्हणून तो टाळू नका. आधीच्या प्रतींवर तो उजव्या कोपऱ्यात, सहीच्या खाली येईल; ज्यांनी प्रती नेल्या आहेत त्यांनी आणून दिल्या तर त्यांच्यावरही उठवून देऊ. सही चित्रकाराची, छपाई तुमची, ही नोंद संचाच्या वेष्टणावरही त्याच मापाच्या अक्षरांत जाईल. मजकूर अक्षरवालीकडे दिला आहे.

पुढचा संच कीर्तिमंदिराच्या परिसरावर आहे. नंदलाल बोसांच्या तिथल्या भित्तिचित्रांना हात लावायचा कोणाचा विचार नाही, बाहेरचा दगड आणि झाडं तेवढी घेणार आहोत. फिल्म या वेळी चार आहेत, चढण ०.४ मिलिमीटर ठेवलं आहे, करड्या दगडासाठी काळ्यात बेस किती घालायचा ते तुम्हीच सांगायचं. लग्नसराई आटोपली की कळवा. कागद आधी आणून तुमच्या खोलीत टाकून ठेवू.

तुमची,
वडाच्या संचातली चित्रकार मंडळी
बडोदे