पुडीचे भांडण

नाशिक, १८ जानेवारी

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने ना पत्र, ना फोन. लाजेपायी गप्प होतो. सोरायसिस या त्वचेच्या रोगावर घेतलेल्या त्या बाबांच्या पुड्यांनी दीड महिन्यात कोपर, गुडघे, टाळू लख्ख झाले, तेव्हा फोटो पाठवून मी तुला हिणवले होते. पुड्या संपल्या आणि तिसऱ्या आठवड्यात सोरायसिस दुपटीने उसळला. उरलेली पुडी पाहून त्वचारोगतज्ज्ञांनी एवढेच विचारले, "तोंड सुजले होते का? भूक वाढली होती?" दोन्ही झाले होते. त्यात स्टिरॉइड असावे; ते पोटात जाऊन एकदम थांबले की हा रोग उलटतो. तू हेच सांगत होतास आणि मी तुला 'औषधाच्या दुकानात जन्मलेला' म्हणालो होतो.

सध्या मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी, १५ मिलिग्रॅम. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून सुनंदा पाकीट तांदळाच्या डब्यामागे ठेवते आणि रविवारी मोजून हातावर देते. दारू वर्ज्य; द्राक्षांच्या गावात राहून माझ्या वाट्याला बेदाणे. तरीही यकृताचे आकडे चढले आणि पाठ जशीच्या तशी आहे.

आता डॉक्टर ॲडालिमुमॅबचे इंजेक्शन सुचवतात: आधी ८० मिलिग्रॅम, आठवड्याने ४०, मग दर पंधरवड्याला ४०. भारतीय बनावटीचे २०१४ पासून मिळते, म्हणून निदान विचार तरी करता येतो. पण त्याआधी क्षयासाठीची मांटू चाचणी झाली. सुई टोचायला हातावर दोन बोटे कोरी जागा शोधताना नर्सबाई दमल्या, आणि ७२ तासांनी तिथे १४ मिलिमीटरची गाठ. एक्स-रे स्वच्छ आहे, परंतु क्षयाचा जंतू आत निजलेला असू शकतो, आणि त्याला कोंडून ठेवणाऱ्या शरीरातल्या टीएनएफ या प्रथिनालाच हे इंजेक्शन अडवते. म्हणून आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या, निदान महिनाभर. त्यांचाही भार पुन्हा यकृतावरच. सेक्युकिनुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनमध्ये हा धोका कमी म्हणतात, पण ते खिशाला झेपणारे नाही.

आबांच्या खोकल्याच्या खोलीत आपण दोघे कॅरम खेळायचो, ते आठवले. ही भीती सुनंदाला सांगता येत नाही. तिने आबांना पाहिलेच नव्हते.

वहिनींची बदली झाली का? चिंगीला दहावीसाठी आशीर्वाद. आईचे गुडघे ठीक.

गेल्या रंगपंचमीला रहाडीच्या, रंगाच्या त्या हौदाच्या, काठावर मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उभा होतो आणि पोरे धप्पा मारत होती. इंजेक्शन घेऊ की नको, ते सरळ लिही. या वेळी भांडणार नाही.

तुझा,
वसंत