रिकाम्या खुर्च्यांची बचत

महोदय,

कालच्या अंकातला एस्कोंवरचा, म्हणजे इमारतींची वीज वाचवून देण्याचा करार करणाऱ्या कंपन्यांवरचा, लेख वाचला. मालकाने खिशाला हात लावायचा नाही, एस्कोने यंत्रे बदलायची आणि वाचलेल्या बिलातून आपले पैसे वसूल करायचे. किती सोपे! लेखकमहाशयांनी असा एखादा करार स्वतः निभावला असता, तर 'बेसलाइन', म्हणजे बचत ज्या आधीच्या वापराशी ताडून मोजायची तो आकडा, हा विषय एका ओळीत उरकला नसता.

मी एका खासगी कार्यालयीन इमारतीची देखभाल अकरा वर्षे पाहिली. वीज भाड्यातच धरलेली, बिल मालकाचे. करार झाला तेव्हा बेसलाइन धरली ती इमारत गच्च भरलेली होती त्या वर्षाची. काम चांगले झाले, खोटे कशाला बोलू? एएचयूच्या, म्हणजे वातानुकूलनाची हवा खेळवणाऱ्या यंत्रांच्या, पंख्यांना वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी बसले. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते म्हणतात. आमच्या पॅनेलवरचा आकडाही त्याच्या आसपास असे. पण चौथ्याच महिन्यात एका भाडेकरूने दोन मजले सोडले. दिवे बंद, संगणक बंद, बिल धाडकन खाली. आणि महिन्याच्या अहवालात ती सगळी घट 'साध्य बचत'! मी मीटर खोलीतली वही पुढे केली. तारीखवार रीडिंग, कोणता मजला कधीपासून बंद, सगळे होते. एस्कोकडून उत्तर मिळाले, "साहेब, करारात रिकाम्या मजल्यांचा उल्लेख नाही." खरेच नव्हता. त्या रिकाम्या खुर्च्यांचा हिस्सा आम्ही वर्षभर भरला.

बचतीच्या मोजणीसाठी 1997 पासून आयपीएमव्हीपी ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. हवामान, वापराचे तास, भरलेली जागा बदलली की बेसलाइनही त्या हिशेबाने बदला, असे त्यात आहे. फक्त बदललेल्या यंत्रणेला वेगळे मीटर लावून मोजायची सोयही आहे. आम्ही ते मागितले, तर मीटरचा खर्च कोणाचा यावरच दोन बैठका गेल्या.

जिथे बिल भाडेकरू भरतो, तिथे तर आणखी मजा. चिलरच्या, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, करारावर सही मालकाची, फायदा भाडेकरूला, आणि तो एस्कोची वसुली संपण्याआधीच जागा सोडणार. मालकाने मान कशासाठी अडकवायची? लेखातली उदाहरणे सरकारी इमारतींची होती. तिथे मालकही तेच, बिल भरणारेही तेच.

जाता जाता, लेखासोबत फोटो सौर पॅनेलचा होता. छायाचित्रकाराला एकदा एखाद्या इमारतीच्या तळघरात पाठवा. चिलर बहुधा तिथे असतो.

– एक निवृत्त देखभाल व्यवस्थापक