पैसे गेल्यावरचा पहिला तास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळल्याच्या, बातम्या आपल्या अंकात वारंवार येतात. किती लाख गेले, कोणत्या भागातले आजी-आजोबा फसले, एवढे सांगून बातमी संपते. पैसे गेल्याचे लक्षात येताच घरातल्यांनी काय करायचे, हे मात्र त्यात क्वचितच असते. बँकेत नोकरी केलेला माणूस म्हणून मला हे फार खटकते.

आपल्या कायद्यात डिजिटल अटक हा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, की ‘चौकशी होईपर्यंत पैसे या खात्यात ठेवा’ असे सांगत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून याबद्दल सावध केले होते. तरी लोक फसतात. समोरच्याच्या अंगावर गणवेश असतो, हातात आपला आधार क्रमांक आणि शिक्का मारलेला बनावट आदेश असतो. शिवाय ‘कॉल बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही’ अशी ताकीद. ही ताकीद हीच फसवणुकीची पक्की खूण. खरा अधिकारी मुला-सुनेपासून लपवायला कशाला सांगेल? फसणारे अडाणीच असतात असेही नाही. २०२४ मध्ये कापड उद्योगातील वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटींना लुबाडले. त्यांनी तक्रार केली आणि त्यातले ५ कोटींहून अधिक परत मिळाले.

पैसे एका खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पुढे पुढे सरकतात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. म्हणून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो संदर्भ क्रमांक), रक्कम, तारीख आणि आपला खाते क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रार लगेच नोंदली, तर रक्कम वाटेतच गोठवता येते. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरावा, स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पैसे गेले नसले, नुसताच संशयास्पद फोन आला असला, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत कळवावे.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे, की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे आहे. हे किती खातेदारांना माहीत असेल?

पण फोन करायला उशीर होतो तो लाजेपायी. ‘एवढे शिकून फसलात?’ हे ऐकावे लागेल म्हणून कित्येक ज्येष्ठ गप्प बसतात, आणि तेवढ्यात खाती रिकामी होतात. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तो प्रश्न त्या दिवशी विचारूच नका, आधी फोन लावा. शाखांमधल्या सहकाऱ्यांनाही सांगणे आहे. कानाला फोन लावून कोणी घाईघाईने मुदत ठेव मोडायला आले, तर त्यांना आत बसवा, पाणी द्या, कोणाशी बोलताय ते विचारा. पाच मिनिटे गेली तरी चालतील.

आपल्याकडेही एक मागणी आहे. अशा प्रत्येक बातमीखाली १९३० हा क्रमांक ठळक चौकटीत छापावा, आणि फसलेल्या व्यक्तीने तक्रार किती वेळाने केली व किती रक्कम वाचली, हेही बातमीत यावे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे