जळाली ती बाग माझी

आई, बाबा, सलाम.

बाबा, फोनवर बोलताना माझा घसा दाटतो, म्हणून लिहितोय. आईला वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

ईदला आलो तेव्हा कापणीला आलेली केळीची मृगबाग, मृगात लावलेली, आडवी पडली होती. बांधावर बसून तुम्ही म्हणालात, "कुराणात सूरह बकरातली बाग अशीच गेली. आपलंच काही चुकलं असेल." ते मनातून जात नाही.

ती २६६ वी आयत मी कितीदा वाचली. खजूर-द्राक्षांची बाग, खालून वाहतं पाणी, मालक म्हातारा, लेकरं दुबळी, आणि आगीची वावटळ. वाचताना तुम्हीच दिसता, खरंय. पण ती पिकाची गोष्ट नाही, बाबा. जरा मागे, २६४ मध्ये सांगितलंय की उपकार बोलून दाखवून, मन दुखवून आपलं दान वाया घालवू नका. ते खडकावरच्या मातीसारखं धुऊन जातं. बुखारीच्या हदीसमध्ये आहे, खलिफा हजरत उमर यांनी या बागेचा अर्थ सोबत्यांना विचारला. सगळे म्हणाले, अल्लाह जाणे. ते चिडले. इब्न अब्बास वयाने लहान, कचरत होते. उमर त्यांना म्हणाले, पुतण्या, बोल, स्वतःला कमी लेखू नकोस. इब्न अब्बास म्हणाले, हा कर्माचा दाखला आहे. मग उमर यांनीच उलगडलं, केलेलं चांगलं माणूस पुढच्या वागण्याने स्वतःच जाळतो.

त्याच दिवशी जेवताना मी म्हणालो होतो, "दर महिन्याला पैसे पाठवतो, तरी तुमची बाग सुटत नाही." आईचा घास हातातच राहिला. जळाली ती माझी बाग होती. तुमच्या बागेला जूनचा वारा लागला. तो आपल्या सावदा-रावेरकडे कोणाच्या नमाजा मोजत नाही.

आता रागावू नका. शेत यंदा नफ्याने कसायला दिलंय, शेजारच्या काकांना. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण तुमची शुगर, रात्रीच्या लाईटवर पाण्याचे बारे द्यायला जाणं, मागच्या महिन्यात चारीत पडलात ते आईने लपवलं तरी मला कळलं. विहिरीजवळचा तुकडा तुमचाच आहे, आईची मेथी-वांगी तिथेच होतील. पैसे तुमच्या खात्यात येतील, तुमच्याच जमिनीचे. मी पाठवतो त्याचा शब्द पुन्हा तोंडातून निघणार नाही.

लहानपणी बारे देताना मला केळीच्या पानांवर झोपवून तुम्ही तुमची चादर माझ्यावर टाकायचात. ती पानं अजून आठवतात, गार, ओलसर.

गोळ्या जेवणाआधीच्या आधी आणि नंतरच्या नंतर. दुपारी १२ ते ४ बाहेर पडायचं नाही. कूलरचं गवत बदलून घ्या. आई, गुडघे दुखत असताना कळण्याच्या भाकरी थापत बसू नकोस, वहिनीला सांग.

काकांना सांगून ठेवलंय, बुंध्यांजवळची पिलं कोणी उपटायची नाहीत. त्या पिलांवर पुढची बाग, पिलबाग, धरायची की नाही ते तुम्हीच त्यांना सांगा, बाबा. त्यातलं तुम्हालाच कळतं.

तुमचा,
पोऱ्या